यंदा झाड कोणतं?

अमेरिकेतल्या घाऊक दुकानांना सणांचा क्रम ठाऊक नाही. सप्टेंबरात घरी गणपती बसलेले असताना मखराला आणखी एक दिव्यांची माळ हवी म्हणून जावं, तर मधल्या रांगेत प्लास्टिकची ख्रिसमसची झाडं ओळीनं उभी असतात, दिव्यांसकट, बटण दाबलं की उजळणारी. बाहेर अजून घाम काढणारं ऊन असतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या गावात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे त्या रांगेत ओळखीचं कोणीतरी हमखास भेटतं. ढकलगाडीत आरतीला येणाऱ्यांसाठी केळ्यांचे घड, नजर मात्र झाडाच्या किमतीवर. "घेताय का?" "नाही हो, बघतोय नुसतं." दोघंही खरंच बोलत असतात. डिसेंबर उजाडेपर्यंत सगळे बघतच असतात.

झाड आणायचं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे केव्हाच निकालात निघाला. मुलगी शाळेत जायला लागली आणि आपल्याच घरी झाड का नाही असं तिनं विचारलं, त्या दिवशी. मराठी माणूस नव्या सणाला कधी नाही म्हणत नाही. तो नाही म्हणतो खर्चाला. उरलं एवढंच, की झाड खरं आणायचं की खोटं. आणि हे वाटतं तितकं सोपं नाही. शेजारच्या अमेरिकन जोडप्यातली ती खऱ्या झाडाच्या घराण्यातली, तो खोट्याच्या. संसार जुना झाला, मुलं कॉलेजला गेली, तरी अजून त्यांच्याकडे दिवाणखान्यात एक आणि वरच्या मजल्यावर एक अशी दोन झाडं लागतात. धर्म वेगळे असते तर काहीतरी तोडगा निघाला असता, असं ती म्हणते.

आमच्याकडे खऱ्याची बाजू मुलीनं घेतली, खोट्याची नवऱ्यानं. मी तटस्थ, म्हणजे दोघांनाही ऐकवणारी. आणि त्या हिवाळ्यात सासूबाई वसईहून आलेल्या. त्या असताना घरात सुईसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय येत नाही, तेव्हा हे तर अख्खं सुयांचं झाड.

सासूबाईंना नाताळ नवा नव्हता. वसईत त्यांच्या आळीपलीकडे सगळी ख्रिस्ती घरं. डिसेंबर लागला की अंगणात येशूजन्माचा गोठा, दारावर चांदणीचा कंदील, आणि झाड म्हणून किनाऱ्यावरच्या सुरूची फांदी. वाळू भरलेल्या डब्यात खोचलेली आणि वर कापूस पिंजून टाकलेली. "बर्फ कुणी पाहिला होता?" त्या म्हणाल्या. "पण कापूस टाकायचाच." आता सुरू हा दिसायला पाइनचा भाऊ असला तरी त्याचा त्या कुळाशी काही संबंध नाही. ज्यांना आपण त्याच्या सुया म्हणतो त्या खरं तर बारीक हिरव्या काड्या. पानं त्यांच्या पेरांवर, दिसतील न दिसतील अशी. म्हणजे गोव्यात आणि आपल्या किनारपट्टीवर जे झाड वर्षानुवर्षं नाताळात सजत आलंय, तेही सोंग घेऊनच उभं असतं. हे मी सासूबाईंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "सोंग नीट वठतंय ना?"

नवरा इंजिनीअर. त्यानं भावनेत न शिरता आकडे काढले. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेचा हिशेब असा: दोन मीटर उंचीच्या प्लास्टिकच्या झाडापायी साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेवढ्याच उंचीचं खरं झाड सणानंतर कचरा-डेपोत कुजत पडलं तर १६ किलो, आणि त्याचा भुसा केला किंवा ते जाळलं तर जेमतेम साडेतीन. म्हणजे प्लास्टिकचं झाड अकरा-बारा वर्षं वापरलं तरच ते भुसा होणाऱ्या झाडाच्या बरोबरीला येतं.

"मग बारा वर्षं वापरू," नवरा म्हणाला.

आणि तो वापरेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. हॉस्टेलातला कुकर अजून वापरात असलेल्या घराण्याचा तो वारस. सर्वसाधारण अमेरिकन घरात प्लास्टिकचं झाड किती वर्षं टिकत असेल ते असो, मराठी घरात ते नातवंडांच्या वाट्याला येईल. त्याच्या वाटण्या होतील.

खोट्या झाडाला लोक उगाच नावं ठेवतात, असं त्याचं पुढचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. मुळात ते झाड जंगल वाचवायलाच निघालं. घरात झाड सजवायची पद्धत जर्मनीत रुजली, आणि तिथंच एकोणिसाव्या शतकात लोक नाताळच्या सुमारास रानात शिरून चांगल्या वाढत्या झाडांचे शेंडेच तेवढे छाटून नेऊ लागले. शेंडा गेला की झाड कामातून गेलं. तेव्हा तिथल्या हिकमती माणसांनी पाळीव हंसांची पिसं हिरवी रंगवली, तारांवर गुंडाळली आणि त्या तारा काठीला टोचून झाड केलं. पुढे १९३० नंतरच्या दशकात अ‍ॅडिस नावाच्या ब्रश बनवणाऱ्या कंपनीनं संडास घासायच्या ब्रशाच्याच यंत्रावर झाडं वळली, असं सांगतात. ही गोष्ट नवऱ्यानं मुलीला फार रंगवून सांगितली. तिचं मत त्याला मिळायची जी काही थोडी आशा होती, ती तिथं संपली.

मला स्वतःला त्या सगळ्या इतिहासात आवडतात ती अ‍ॅल्युमिनियमची झाडं. विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावी भांडीकुंडी बनवणाऱ्या एका कारखान्यानं १९५९ साली ती बाजारात आणली. चकचकीत, चंदेरी, काही तर गुलाबी. झाड धातूचं, त्यामुळे त्यावर विजेची माळ सोडणं म्हणजे शॉकला आमंत्रण. म्हणून खाली जमिनीवर एक दिवा आणि त्याच्यासमोर फिरणारी रंगीत पारदर्शक चकती ठेवायची; झाड आळीपाळीनं लाल, निळं, हिरवं, पिवळं व्हायचं. आपल्याकडे सार्वजनिक गणपतीच्या मांडवात फिरणारे दिवे ज्यांनी पाहिलेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको. १९६५ साली टीव्हीवर चार्ली ब्राउन या व्यंगचित्रातल्या पोराचा नाताळ आला. त्यात झगमगत्या धातूच्या झाडांच्या गर्दीतून तो पोरगा एक मरतुकडं खरं रोपटं उचलून आणतो, आणि त्यानंतर चंदेरी झाडांची हवा ओसरत गेली. माझ्या मते हा अन्याय झाला. ते झाड निदान झाड असल्याचं ढोंग तरी करत नव्हतं.

तर निकाल मुलीच्या बाजूनं लागला, कारण सासूबाई तिच्या बाजूनं गेल्या. अट एक: झाड शेतावर जाऊन, आपल्या हातानं निवडून आणायचं. नवऱ्यानं पुन्हा आकडे काढले. झाडांची शेतं डोंगरात, आमच्या घरापासून मोटारीनं तीन-साडेतीन तास. येऊन-जाऊन सहाशे किलोमीटर. साध्या मोटारीचा धूर धरला तर दीडशे किलोच्या घरात कार्बन. "प्लास्टिकची जवळजवळ चार झाडं झाली ही," तो म्हणाला. गावातल्या चर्चच्या पटांगणात तीच झाडं ट्रकनं येतात, एका ट्रकमध्ये शेकडो, त्यामुळे धूर सगळ्यांत वाटला जातो, हेही त्यानं सांगितलं. अगदी बिनतोड युक्तिवाद. सासूबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "अरे, डोंगर तसेही बघायचेच होते ना? मग पेट्रोल डोंगरांच्या खात्यात टाक."

त्या डोंगरात जे झाड पिकतं त्याचं नाव फ्रेझर फर. मूळचं फक्त इथलंच, अ‍ॅपलाचियन पर्वताच्या दक्षिणेकडच्या मोजक्या उंच शिखरांवरचं. ख्रिसमसच्या झाडांच्या धंद्यात ओरेगनच्या खालोखाल नॉर्थ कॅरोलायनाचा नंबर लागतो, तो या एका जातीच्या जोरावर. याच्या फांद्या ताठ, सुया मऊ आणि तोडल्यावरही बरेच दिवस न गळणाऱ्या. शेतावर गेलो तेव्हा उतारावर रांगाच रांगा, सगळी झाडं एकाच साच्यातून काढल्यासारखी. मालक बोलका होता. रोप चार-पाच वर्षं वाफ्यात, मग सात-आठ वर्षं शेतात. पुरुषभर उंचीचं झाड हाती यायला बारा वर्षं लागतात, असं त्यानं सांगितलं. शेजारी उभ्या मुलीकडे मी पाहिलं. झाड तिच्याहून वयानं मोठं होतं.

"आणि आकार?" मी विचारलं. "हा असा निमुळता आपोआप येतो?"

तो हसला. आपोआप काही येत नाही. दर उन्हाळ्यात लांब पात्याचे सुरे घेऊन माणसं एकेका झाडाभोवती फिरतात, फांद्या सपासप छाटतात. ते काम करणारे बहुतेक मेक्सिकोहून हंगामी व्हिसावर येतात. मोकळं सोडलं तर हे झाड फाकतं, फांद्यांत मोठमोठ्या फटी राहतात. तसलं झाड कुणी घरी नेत नाही. खरं झाड म्हणून जे आपण विकत घेतो, त्याचा आकार माणसानं दिलेला असतो. आणि तिकडे महागातलं प्लास्टिकचं झाड बनवणारे काय करतात? ते मुद्दाम फांद्या थोड्या असमान ठेवतात, मधूनच तपकिरी डहाळी घालतात, दुरून बघणाऱ्याला ते रानातून आणल्यासारखं वाटावं म्हणून. वर त्याला टांगायला वासाच्या कांड्याही मिळतात. खऱ्यानं खोट्यासारखं गुळगुळीत व्हायचं आणि खोट्यानं खऱ्यासारखं वेडंवाकडं. दोघांची वाटेत कुठेतरी गाठ पडत असणार.

आणि रानातल्या फ्रेझर फरची गत तर अजब आहे. युरोपातून आलेला एक बारीकसा कीटक १९५७ साली माउंट मिचेलवर सापडला आणि पुढच्या काही दशकांत त्यानं शिखरांवरची जुनी झाडं उभ्याउभ्या वाळवली. अजून तिथं पांढरी पडलेली खोडं दिसतात, खाली नवी रोपं धडपडत असतात. शेतात मात्र हीच जात लाखांनी उभी आहे. तोडायला लावलेली झाडं मजेत, आणि कुणी हात लावू नये म्हणून राखलेली आजारी. यातून काय बोध घ्यायचा ते मला अजून कळलेलं नाही, आणि घेऊही नये बहुतेक.

सासूबाईंना कार्बनची चिंता नव्हती, मुळांची होती. "खाली काय राहतं?" बुंधा, मालक म्हणाला, वसंतात त्याच्या शेजारी नवं रोप लावायचं. "म्हणजे केळीचंच की," त्या म्हणाल्या. "घड उतरवला की गडा तोडायचा, बाजूला पिल्लू असतंच." त्यांचं समाधान झालं, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांनी ते झाड पिकांच्या यादीत घातलं. मग त्यांनी भाव केला. ठरलेल्या दराच्या चिठ्ठ्या झाडांना लटकत होत्या, तरी केला. मालकानं दहा डॉलर कमी केले. इथं इतकी वर्षं राहून हे होऊ शकतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

झाड जाळीत आवळून टपावर बांधून घरी आलं. तोडल्यावर बुंध्याला चीक धरतो आणि झाडाला पाणी ओढता येत नाही, म्हणून घरी आल्यावर तळाची इंचभर चकती पुन्हा कापायची आणि लगेच पाण्यात उभं करायचं. पहिल्या दिवशी झाड चारेक लिटर पाणी पिऊ शकतं. हे कळल्यापासून झाड सासूबाईंचं झालं. पहाटे उठून त्या आधी त्याच्या तळातलं पाणी बघत. "आज कमी प्यायलं." "आज बरं आहे त्याचं." एकदा साखर घालायला निघाल्या होत्या, साधं पाणीच उत्तम असं विद्यापीठातल्या झाडवाल्या मंडळींनी तपासून सांगितलंय, असं नवरा म्हणाला, तेव्हा थांबल्या. पण चमचा हातात होता, म्हणून चहात घातली.

त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं, की वास कापराचा आहे. "साध्या नाही, भीमसेनी." नवऱ्यानं शोधलं. अशा झाडांच्या सुयांना जो वास येतो त्यातला एक मुख्य घटक बोर्नील अ‍ॅसिटेट; ते बनतं बोर्निऑलपासून, आणि भीमसेनी कापूर म्हणजे बोर्निऑलच. आणखी खोदल्यावर निघालं, की आरतीत आपण जाळतो तो नेहमीचा कापूर आता बहुतांशी कारखान्यात होतो, टर्पेंटाइनपासून, आणि टर्पेंटाइन निघतं पाइनच्या चिकातून. म्हणजे पाइनच्या कुळाचा आमच्या देवघरात वावर होताच, फक्त वडीच्या रूपानं. हे कळल्यावर सासूबाईंनी झाडाला हळदकुंकू वाहिलं. मुलीनं शेंड्यावर चांदणी लावली. हरकत कुणाचीच नव्हती.

मुलीला त्या दिवसांत रूझवेल्टच्या पोराची गोष्ट फार आवडायची. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे जंगलांचे मोठे कैवारी. त्यांच्या घरी झाडाची पद्धत नव्हती. १९०२ साली आठ वर्षांच्या आर्चीनं व्हाइट हाउसमधल्या एका कपाटात लहानसं झाड लपवलं, तिथल्या विजेच्या कामगाराला हाताशी धरून त्यावर दिवे लावले, आणि नाताळच्या सकाळी कपाट उघडून सगळ्यांना चकित केलं. मी तिला दुसरी गोष्ट सांगायचे. १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी आहेत असं चित्र आलं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या गोडीज लेडीज बुक या मासिकानं तेच छापलं, पण राणीच्या डोक्यावरचा मुकुट आणि अल्बर्टची मिशी पुसून, म्हणजे ते इथलंच एखादं कुटुंब वाटावं. अमेरिकेतल्या घराघरांत झाड पोहोचवण्यात त्या चित्राचा वाटा मोठा. खऱ्या झाडाचा प्रचार असा बनावट चित्रानं झाला. मुलीचा प्रश्न एवढाच होता, की मिशी का पुसली.

खरी अडचण जानेवारीत आली. सहा तारीख उलटली, नाताळच्या गोष्टीतले तीन राजे येऊन गेले, की झाड फुटपाथच्या कडेला ठेवायचं. नगरपालिकेची गाडी नेते. त्याचा भुसा होतो, रानवाटांवर पसरतात. कुठे अशी झाडं तळ्यात बुडवतात, माशांना आसरा म्हणून. कुठे किनाऱ्यावर वाळू अडवायला रचतात. तिच्या झाडाचं पुढे काय होणार, हे मुलीला सगळं पटवून सांगितलं. तरी ती झाडाला धरून बसली. आणि माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस आपण कार्बनवर भांडत होतो ते निमित्त होतं. खऱ्या झाडाला माणसं घाबरतात ती या दिवसाला. ते निरोप मागतं. प्लास्टिकचं मागत नाही, ते फक्त जागा मागतं, आणि आम्हा लोकांना जागा देणं निरोप देण्यापेक्षा सोपं जातं. आमच्या गॅरेजमध्ये झाकणांवर नावं लिहिलेले डबे आहेत: गणपती, दिवाळी, हॅलोविन, किरकोळ. मखर घडीचं आहे. मखराच्या माळा ख्रिसमसनंतर अर्ध्या किमतीत लागतात तेव्हाच्या. इथल्या तळ्यात मूर्ती सोडता येत नाही, म्हणून आमचा गणपती पितळेचा; अनंत चतुर्दशीला परातीत पाणी घेऊन त्यात बुडवायचा, पुसायचा, पुन्हा कपाटात. "मूर्ती तीच चालते, मग झाड का नाही?" असं नवऱ्यानं विचारलं होतं तेव्हा मी विषय बदलला. अजूनही त्यावर मला धड उत्तर सुचलेलं नाही. पण जिथं खरंखुरं विसर्जन करता येतं अशी एक तरी वस्तू घरात यावी, असं मात्र त्या जानेवारीत वाटलं.

उपाय सासूबाईंनी काढला. झाडापुढे वाटीत दहीपोहे ठेवले, मुलीला नमस्कार करायला लावला आणि म्हणाल्या, "पाहुणा होता. पोटभर पाणी प्यायला, आता जाऊ दे." मुलीनं जाऊ दिलं. गाडीवरच्या माणसानं बुंध्याला लागलेलं कुंकू पाहून काही विचारलं नाही. आमच्या गावात त्यांना आता सवय झाली आहे. सुया पुढे कित्येक महिने गालिच्यातून निघत राहिल्या, त्याबद्दल नवऱ्यानं एकही दिवस गप्प राहून दाखवलं नाही.

सासूबाई मार्चमध्ये वसईला परतल्या आणि त्यांनी रोपवाटिकेतून ख्रिसमस ट्री आणलं. आपल्याकडे त्या नावानं कुंडीत विकतात तो अरौकेरिया, प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. फांद्यांचे मजले एकावर एक चढवलेले. खरं आणि खोटं यांच्या भांडणात हा त्यांनी काढलेला तिसरा रस्ता: ना तोडायचं, ना माळ्यावर टाकायचं. गॅलरीत ते फोफावलं, मग विहिरीपाशी जमिनीत लावलं, आणि आता पत्र्याच्या वर गेलंय. फक्त वाकडं वाढतंय. आधी त्यांनी माळ्याला बोल लावला, मग रोपवाटिकेला. इकडे नवऱ्याला आकडे सापडले. न्यू कॅलेडोनियातून जगभर गेलेल्या या जातीची पाच खंडांतली अडीचशेहून जास्त झाडं मोजून शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलं, की ती बहुतेक सगळी विषुववृत्ताकडे कललेली असतात, सरासरी साडेआठ अंशांनी. उत्तर गोलार्धातली दक्षिणेला, दक्षिणेतली उत्तरेला. तेव्हा झाडाचा काही दोष नाही, त्याला तसंच राहू द्यावं, असं त्यानं आईला फोनवर सविस्तर समजावलं.

"दक्षिणेला?" त्या म्हणाल्या. "ती यमाची दिशा. मी कधीच बांबूचा टेकू लावलाय. आणि नाताळात माळही टेकूलाच गुंडाळते, झाडाला फार टोचतं."